इथं लहान मुलं आहेत

"हात पुढं कर," मॅडम म्हणाल्या.

मी केले. पाळणाघराचा हॉल. वर ट्यूबलाइट. समोर ईशानचे आईवडील, मागं आपापली मुलं न्यायला आलेले आणखी काही जण. मॅडमनी माझी बोटं एकेक करून उलटसुलट केली. नखं बघितली. मग मनगट धरून, बाजारात वांगं किडकं आहे का बघतात तसा, माझा पंजा नाकाजवळ नेला. वास घेतला. तोंड वाकडं केलं.

"तुम्हीच बघा," त्या ईशानच्या वडिलांना म्हणाल्या. "कितीही शिकवा, या लोकांच्यात स्वच्छता येतच नाही."

ईशान सव्वा वर्षाचा. दुपारपासून त्याला उलट्या आणि जुलाब सुरू होते. त्याचे कपडे मीच बदलत होते, त्याला मीच धूत होते. हात साबणाचा वास मारत होते. पण वास घेणारीनं आधीच ठरवलं होतं की घाण आहे.

मग त्यांनी फिनाईलची बाटली मागवली. फरशी पुसायचं फिनाईल. मला अंगणातल्या नळाशी उभं केलं आणि कोपरापर्यंत ओतलं. लोक जाळीच्या दारातून बघत होते. कोणी हसलं नाही.  ईशानच्या आईनं बाळाचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि दुसरीकडं बघितलं. माझ्या हाताला भाजलेलं होतं, तिथं फिनाईल झोंबलं. मी तोंडातून आवाज काढला नाही.

पाण्याचं फिल्टर होळीपासून बंद होतं. मुलांना बोअरचं पाणी तसंच पाजत होते. हे मॅडमना माहीत होतं, स्वयंपाकवाल्या काकूंना माहीत होतं. मी मॅडमना एकदा आठवणही केली होती. काही होत नाही म्हणाल्या. झालं तेव्हा माझे हात पुढं आले.

पाळणाघर नागपुरात सदरच्या मागच्या एका गल्लीत होतं. जुना बंगला, बाहेर रंगवलेलं हत्तीचं चित्र, आत रबरी फरशी. कामावर घेताना मॅडमनी मला विचारलं होतं, कुठं राहतेस. मी वस्तीचं नाव सांगितलं. आडनाव काय. तेही सांगितलं. त्या जरा वेळ पंख्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरचं काकू बघतात. तू खालचं बघ."

खालचं म्हणजे शी, शू, ओकारी, फरशी, मोरी. वरचं म्हणजे दूध, पाणी, खाणं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मी पाय ठेवायचा नाही. हे असं कोणी शब्दांत सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी मी चमचा आणायला आत जात होते, तर काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि मला हवा तो चमचा त्यांनी बाहेर आणून खाली ठेवला. हातात नाही. खाली.

तीन वर्षांची मीरा नावाची पोरगी माझ्याशिवाय राहायची नाही. एकदा तिनं हट्ट धरला, वरणभात ताईच्याच हातनं खाईन. मी एक घास भरवला. मॅडमनी बघितलं. ताट उचललं, भात कचऱ्यात टाकला, ताट दोनदा घासायला लावलं, नवीन भात वाढून काकूंना भरवायला सांगितलं. मीरानं तोंड उघडलं नाही. त्या दिवशी ती उपाशी राहिली. मॅडमना चाललं.

त्याच पोरीची शी मी रोज धुवायची. त्यानं ती बाटत नव्हती.

आमच्या घरात हे सगळं संपलं असं मला लहानपणी वाटायचं. आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. घरातले देव गोळा करून नाग नदीत सोडले. आम्हां नातवंडांना ते सांगायचे, कोणापुढं वाकायचं नाही. मी ते ऐकत मोठी झाले. बारावीपर्यंत शिकले. मग लग्न झालं, मुलगा झाला, नवरा इतवारीत टेम्पोवर माल चढवायच्या कामाला. त्याच्या पाठीत चमक भरायला लागली तेव्हा मी काम धरलं. वाकायचं नाही हे खरं, पण फरशी उभ्यानं पुसता येत नाही. असं मी स्वतःला सांगायचे. फिनाईलच्या दिवसापर्यंत सांगत आले. त्या दिवशी घरी गेल्यावर मुलानं विचारलं, आई, तुह्या हाताचा असा वास काहून येते. मी म्हटलं, काम होतं. दुसऱ्या दिवशी परत कामाला गेले.

ईशानच्या वडिलांनी त्याला काढून घेतलं आणि वर तक्रार केली. मॅडमना वाटलं होतं माझे हात दाखवले की भागेल. भागलं नाही. तपासणी लागली.

तपासणी येणार हे मॅडमना तपासणीच्या आधी कळायचं. कोणाचा तरी फोन यायचा. मग दोन दिवस बंगला ढवळून निघायचा. या वेळी तर भाड्यानं आग विझवायची लाल नळकांडी आणून भिंतीला टांगली. फिल्टर दुरुस्त झालं नाही, पण त्यावर नवीन कापड घातलं. औषधाची पेटी आली, भिंतीवर हात धुवायची चित्रं लागली. त्या चित्रातल्या पोरी सगळ्या गोऱ्या होत्या.

अडचण एकच होती. मुलं जास्त होती. नवतपा, मे अखेरचे आग ओकणारे नऊ दिवस, सुरू होता, शाळांना सुट्ट्या, नोकरीवाले आईबाप मुलं आणून सोडायचे आणि मॅडम कोणाला नाही म्हणायच्या नाहीत. जितक्या मुलांची परवानगी, त्याहून कितीतरी जास्त पोरं त्या हॉलमध्ये एका कूलरखाली लोळायची.

सकाळी मॅडम हॉलमध्ये आल्या आणि पोरं निवडायला लागल्या. भाजी निवडतात तशी. गोरी, गुबगुबीत, न रडणारी खाली. ज्यांचे आईबाप मोठे, ती खाली. रडकी, काळी, नाकातून शेंबूड वाहणारी, अंगावर पुरळ उठलेली वर. वर म्हणजे गच्ची. गच्चीवर टिनाची खोली होती. तुटके पाळणे, जुन्या गाद्या, गंजलेली घसरगुंडी, असं सामान तिथं पडलेलं असायचं. मीरा गोरी होती, पण माझ्यामागं रडत येईल म्हणून तीही वर. कबीर नावाचं आठ-नऊ महिन्यांचं बाळ होतं, त्याची आई बँकेत. घामोळ्यांनी लाल झालेला. तोही वर.

मला म्हणाल्या, तू यांच्याजवळ बस. आवाज आला नाही पाहिजे. अर्ध्या तासाचं काम आहे. काकूंनी पाण्याची एक बाटली खाली ठेवली, मी उचलली. आम्ही जिना चढलो. मागून मॅडमनी वरच्या दाराला जिन्याच्या बाजूनं कडी घातली. पोरं जिन्याकडं धावू नयेत म्हणून, म्हणाल्या. सेफ्टीसाठी.

नवतप्यात नागपूरच्या गच्चीवर टिनाची खोली म्हणजे काय, हे सांगून कळत नाही. पत्र्याखाली उभं राहिलं की टाळू भाजते. बाहेर उन्हात यावं तर पाय पोळतात. पोरांच्या पायांत चपला नव्हत्या. मी गाद्या पसरल्या, पोरांना बसवलं, अंगातले कपडे काढले. बनियन-चड्डीवर ठेवलं. पाणी सगळ्यांना घोट-घोट पाजलं. संपलं. पोरं आधी रडली. मी गप्प केली, कारण तेच माझं काम होतं. मग ती आपोआप गप्प झाली.

अर्धा तास कधीच होऊन गेला. खालून भांड्यांचा आवाज आला. हसल्याचा आवाज आला.

कबीर माझ्या मांडीवर होता. तो रडत होता तोवर मला धीर होता. मग रडायचा थांबला. ओठ सुकले. अंग तापलेलं आणि घाम नाही. मी त्याच्या तोंडात माझं बोट दिलं, तर त्यानं ते चोखलं नाही. मान माझ्या हातावर लोंबली.

मी जिन्याचं दार वाजवलं. आधी हळू. मग जोरात. मॅडमना हाका मारल्या, काकूंना हाका मारल्या. खालून काकूंचा आवाज आला, दाराच्या पलीकडून, अगदी जवळून.

"आवाज नको करू वं. साहेब बसले आहेत. जातीलच आता."

मी सांगितलं, लेकरू मान टाकून राहिलं.  त्यांची पावलं खाली गेली.

तेव्हा मी दाराला लाथ मारली. आयुष्यात कशालाच मारली नव्हती. जुनं दार, कडीचे स्क्रू गंजलेले. तिसऱ्या-चौथ्या लाथेला कडी उपटून आली आणि दार भिंतीवर आपटलं. मी कबीरला खांद्यावर टाकलं, मीराला कडेवर घेतलं, बाकीच्यांना माझा पदर धरायला सांगितलं आणि खाली निघाले. एकेक पायरी. पोरं झिंगल्यासारखी चालत होती.

हॉलमध्ये कूलर चालू होता. थंडगार. वाळ्याचा वास. एक साहेब आणि एक तरुण ऑफिसर बाई खुर्च्यांवर बसलेले, हातात पन्ह्याचे ग्लास. निवडलेली मुलं गोल करून ठोकळे खेळत होती. आम्ही जिन्यावरून उतरलो आणि सगळं थांबलं.

साहेबांनी विचारलं, ही कोण.

मॅडम एक क्षण पांढऱ्या पडल्या. एकच क्षण. मग त्यांच्या तोंडातून जे निघालं ते इतकं सहज निघालं, की आजही मला वाटतं ते त्यांना ठरवावं लागलं नाही. ते तिथं तयारच होतं.

"सर, ही पाठीमागच्या वस्तीतली आहे. कामाला येते आणि तिकडची पोरं गोळा करून गच्चीवर आणून बसवते. मी कितीदा हाकललंय."

साहेबांनी पोरांकडं बघितलं. मीही बघितलं, त्यांच्या डोळ्यांनी. मळके बनियन. गंजाचे तांबडे डाग गालांवर, पोटावर. चिकटलेले केस, वाहणारी नाकं, अनवाणी पाय. त्यांनी खुर्चीखालचे आपले बूट मागं ओढले. एक पोरगं त्यांच्या ग्लासाकडं बघत होतं. त्यांनी ग्लास दुसऱ्या बाजूला धरला.

"आधी यांना बाहेर काढा," ते म्हणाले. "इथं लहान मुलं आहेत."

लहान मुलं आहेत. माझ्या कडेवर, खांद्यावर, पदराला काय होतं मग?

हे मला तिथं, त्या हॉलमध्ये, उभ्या-उभ्या कळलं. मी जन्मभर समजत होते की आमच्यात काहीतरी कमी असेल. नीट राहिलं, जास्त धुतलं, शुद्ध बोललं, की कदाचित सुटेल. आणि इथं बँकवाल्यांची, डॉक्टरांची, दुकानदारांची लेकरं, सकाळी पावडर लावून आलेली. एका बाईनं एक वाक्य म्हटलं आणि ती लेकरं वस्तीतली झाली. मग त्यांची तहान दिसेना. त्यांचा ताप दिसेना. घाण अंगावर नव्हती. घाण त्या वाक्यात होती.

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, हे लेकरं वस्तीतले असले, तं पाणी द्या लागत नाही का यायले?"

त्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम मला दार दाखवत होत्या, निघ, आत्ताच्या आत्ता निघ.

मी मीराला खाली उतरवलं आणि स्वयंपाकघराकडं वळले. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. "आत नको येऊ वं," त्या हळूच म्हणाल्या. मी थांबले नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरचा कबीर बघितला, त्याची लोंबलेली मान बघितली, आणि बाजूला झाल्या. एवढंच केलं त्यांनी. मला तेवढं पुरलं.

ओट्यावर मॅडमसाठी रोज वेगळा भरून येणारा थंड पाण्याचा जार होता. त्याला काकूंशिवाय कोणी हात लावत नसे. मी तो कमरेवर धरून हॉलमध्ये आणला, मधोमध ठेवला आणि खाली बसले. मॅडम ओरडल्या, त्याला हात लावू नकोस. मी झाकण काढलं. पोरं तुटून पडली. ग्लास कोणाचे, पेले कोणाचे, काही बघितलं नाही. पदर बुडवला, कबीरच्या डोक्यावर, छातीवर, पायांवर पिळला. ओठांवर थेंब-थेंब सोडलं. दुसऱ्या टोकानं मीराचं तोंड पुसलं.

तोंड पुसल्यावर मीराच्या कानातली बाळी चमकली. सोन्याची.

ऑफिसर बाई पुढं वाकल्या. त्यांनी मीराचा कान बघितला. मग तिच्या बनियनवरचा मोठ्या दुकानाचा शिक्का बघितला. आणि साहेबांना म्हणाल्या, "सर, ही चांगल्या घरातली दिसतात."

मग सगळं झालं. साहेब उभे राहिले. कूलरचं तोंड आमच्याकडं फिरलं. खुर्च्या सरकल्या. कोणी डॉक्टरला फोन लावला. ऑफिसर बाईंनी कबीरला माझ्याकडून घेतलं आणि धावत सरकारी गाडीत नेऊन बसल्या. ज्या साहेबांनी बूट मागं ओढले होते, ते गुडघ्यावर बसून एका पोराला बेटा, बेटा म्हणत होते. माणुसकी होती त्यांच्याजवळ. नव्हती असं नाही. फक्त ती गुंजभर सोनं बघितल्याशिवाय बाहेर येत नव्हती.

कबीर वाचला. डॉक्टर म्हणाले म्हणे, अजून थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी हॉलमध्येच होते. मॅडमनी गेटला कुलूप घालून मला जाऊ दिलं नाही. आईबाप यायला लागले. मॅडम प्रत्येकाला रडत-रडत सांगत होत्या, माझं लक्ष नसताना ही पोरांना वर घेऊन गेली.

कबीरची आई दवाखान्यातून आली. मॅडमनी बोट दाखवलं. तिनं काही विचारलं नाही. सरळ आली आणि माझ्या कानाखाली मारली. मी पडले नाही. दुसऱ्या आया होत्या, बाया होत्या, बाप होते. एकानं म्हटलं, अशा लोकांना कामावर ठेवायलाच नको. मीरा माझ्या पायाला मिठी मारून होती. तिच्या बापानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

पोलिसांत तक्रार झाली. माझ्यावर. मुलं कोंडली, दार तोडलं, मालमत्तेचं नुकसान केलं. ठाण्यातल्या बाकावर मी संध्याकाळपर्यंत बसून होते. हवालदार तोच प्रश्न फिरवून-फिरवून विचारत होता, वर कशाला नेलं. मी तेच उत्तर देत होते, नेलं नाही, पाठवलं. त्यानं विचारलं, कडी कोणत्या बाजूला होती. मी सांगितलं, जिन्याच्या बाजूला. त्यानं लिहिता-लिहिता मान वर केली. मी म्हटलं, वर असलेली बाई खालून कडी कशी लावंन, जाऊन बघा. तो बघायला गेला की नाही मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिथं नवं दार होतं म्हणे.

नवरा ठाण्यात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. घरी आल्यावर म्हणाला, "माफी मागून टाक वं. काहून मोठ्या लोकायच्या नादी लागतं?" त्याचंही खरं होतं. त्यानं आयुष्यभर ओझं उचललंय, एक आणखी उचलायची त्याची तयारी होती. माझी नव्हती. मी त्याला सांगितलं, माफी मागायची असंन तं तू माग, अन् कशाची ते मले सांग.  नंतर त्यानं तो विषय काढला नाही. कोर्टाच्या तारखेला येतो सोबत, बाहेर उभा राहतो.

पाळणाघर काही दिवस बंद होतं. मग उघडलं. हत्तीच्या जागी फुलपाखरू काढलं आणि पाटी बदलली. तपासणीत काय लिहिलं गेलं, मला कोणी दाखवलं नाही. बहुतेक आईबापांनी आमची तक्रार नाही असं कळवलं. दोघं नोकरीवर, पोर ठेवणार कुठं? मी त्यांना दोष देत नाही, असं म्हणणार नाही. देते.

मॅडमचा भाऊ वस्तीत येऊन गेला. गाडी चौकात ठेवून. म्हणाला, असं सांग की खेळायला नेलं होतं आणि दार अडकलं. तुझ्यावरचं सगळं मागं घेऊ. मी त्याला परत पाठवलं.

काही महिन्यांनी कबीरची आई आली. तिला कुठून कळलं, काकू बोलल्या की ऑफिसर बाई, माहीत नाही. पण तिला खरं कळलं होतं. ती आमच्या दाराबाहेर उभी राहिली. मारलं त्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, आम्ही केस करतोय, तुम्ही साक्ष द्याल का. मी तिला पाणी विचारलं. ती म्हणाली, नको, आत्ताच प्यायले. ऊन डोक्यावर होतं. तिचे ओठ सुकलेले होते.

मी तिला सांगितलं, साक्ष देईन. तुझ्यासाठी नाही. तुझं लेकरू माझ्या खांद्यावर मान टाकून होतं, त्याच्यासाठी. आणि त्या हॉलमध्ये जे बोललं गेलं, ते मला भर कोर्टात, सगळ्यांपुढं, शब्दाला शब्द परत बोलायचंय, म्हणून.

ती गेली. मी दारातच उभी राहिले, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

माझ्यावरची केस चालू आहे. दार तोडल्याची. वकील म्हणतात, कबूल करू नका, आठवत नाही म्हणा. मला सगळं आठवतं. न्यायाधीश विचारतील, दार तोडलं का? मी हो म्हणणार. परत तोडशील का, असं ते विचारणार नाहीत. तरी मी सांगणार. तोडीन. पोरं कोणाची आहेत हे न विचारता तोडीन.